आचे प्रांतातील फटक्यांची शिक्षा : पाप, गुन्हा आणि आपली भूमिका

दि. २६ ऑगस्ट २०२५ रोजी इंडोनेशियातील आचे प्रांताच्या राजधानीत, बांदा आचे येथील एका सार्वजनिक उद्यानात, सुमारे शंभर लोकांच्या साक्षीने दोन तरुणांना वेताच्या छडीचे प्रत्येकी ७६ फटके मारण्यात आले. एकाचे वय २० वर्षे, दुसऱ्याचे २१. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात शहरातील एका बागेच्या स्वच्छतागृहात ते एकमेकांना आलिंगन देताना व चुंबन घेताना सापडले, एवढाच त्यांच्यावरील आरोप होता. शरिया न्यायालयाने प्रत्येकी ८० फटक्यांची शिक्षा सुनावली होती. चार महिने ते कोठडीत होते, म्हणून चार फटके कमी करण्यात आले.

हा प्रकार युद्धग्रस्त प्रदेशातील एखाद्या सशस्त्र टोळीने केलेला नाही. एका लोकशाही देशातील निवडून आलेल्या प्रांतिक विधिमंडळाने केलेला कायदा, त्या प्रांताचे न्यायालय आणि त्या प्रांताचे अधिकारी यांनी मिळून तो घडवून आणला. त्याच वर्षी २७ फेब्रुवारीला दोन महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना अशीच शिक्षा झाली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये शेजाऱ्यांनी त्यांच्या भाड्याच्या खोलीत घुसून त्यांना पकडून दिले होते. त्याआधी मे २०१७ मध्ये दोघांना प्रत्येकी ८३, आणि जानेवारी २०२१ मध्ये आणखी दोघांना प्रत्येकी ७७ फटके मारण्यात आले.

पुण्यातील कॅथलिक वाचक विचारतील, 'दूर देशातील या घटनेशी आपला काय संबंध? आणि समलिंगी कृत्ये चुकीची आहेत असे ख्रिस्तसभा शिकवते, मग त्या शिक्षेविरुद्ध आपण का बोलावे?' प्रश्न प्रामाणिक आहे, आणि म्हणूनच त्याचे उत्तर सविस्तर द्यावयास हवे.

आचेमध्ये हे कसे घडले?

सुमात्रा बेटाच्या वायव्य टोकाला असलेला आचे हा सुमारे ५३ लाख लोकवस्तीचा प्रांत आहे. इस्लाम या द्वीपसमूहात प्रथम रुजला तो याच किनारपट्टीवर, म्हणून या प्रदेशाला 'मक्केची ओसरी' असे म्हणतात. इंडोनेशियाच्या केंद्र सरकारविरुद्ध येथे जवळजवळ तीस वर्षे सशस्त्र बंड चालू होते. बंडखोरांची मुख्य मागणी स्वातंत्र्याची व आपल्या तेल-वायूच्या उत्पन्नातील वाट्याची होती. तथापि बंड शमविण्यासाठी जाकार्ताच्या सरकारने १९९९ व २००१ च्या कायद्यांद्वारे आचेला शरिया लागू करण्याचा विशेष अधिकार दिला. मागितले एक आणि मिळाले दुसरे, असा हा प्रकार होता.

दि. २६ डिसेंबर २००४ रोजी आलेल्या सुनामीने आचेमध्ये दीड लाखाहून अधिक माणसांचा बळी घेतला. त्या दुःखाच्या छायेत १५ ऑगस्ट २००५ रोजी हेलसिंकी येथे शांतता करार झाला आणि २००६ च्या कायद्याने प्रांताला व्यापक स्वायत्तता मिळाली. शांतता ही देवाची देणगीच. परंतु स्वायत्ततेबरोबर प्रांतिक विधिमंडळाच्या हाती फौजदारी शिक्षेची छडीही आली. २००९ मध्ये त्या विधिमंडळाने व्यभिचारासाठी दगडांनी ठेचून मारण्याची शिक्षा सुचविणारा कायदा संमत केला होता. तत्कालीन राज्यपालांनी सही नाकारल्याने तो अमलात आला नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये नवा फौजदारी कायदा संमत झाला व २०१५ पासून लागू झाला. त्यानुसार दोन पुरुषांमधील वा दोन स्त्रियांमधील शरीरसंबंधास कमाल १०० फटके, किंवा १०० महिने कारावास, किंवा १००० ग्रॅम शुद्ध सोन्याइतका दंड होऊ शकतो. उर्वरित इंडोनेशियात मात्र तेव्हा प्रौढांच्या खासगी समलिंगी संबंधांना असा फौजदारी कायदा नव्हता. एकाच देशात प्रांताची सीमा ओलांडली की तेच आचरण दंडनीय ठरत असे.

छडी कोणावर पडते?

या कायद्यात मद्य, जुगार, अविवाहित स्त्री-पुरुषांचे एकांतात भेटणे, व्यभिचार, बलात्कार इत्यादी गुन्ह्यांची यादी आहे. लाचखोरी मात्र त्या यादीत नाही. आचे हा सुमात्रातील सर्वांत गरीब प्रांतांपैकी एक आहे. तेथील एका राज्यपालांना २०१८ मध्ये लाचखोरीच्या आरोपाखाली राष्ट्रीय भ्रष्टाचारविरोधी आयोगाने अटक केली व पुढे न्यायालयाने त्यांना कारावास ठोठावला. त्यांच्या पाठीवर छडी पडली नाही. गरिबांच्या ताटातील घास पळविणारा तुरुंगात जातो आणि बागेत चुंबन घेणारा चौकात उभा केला जातो, ही विषमता विचार करण्याजोगी आहे.

जानेवारी २०१८ मध्ये उत्तर आचेच्या पोलिसांनी केशकर्तनालयांवर छापे घालून १२ तृतीयपंथीय व्यक्तींना पकडले, त्यांचे केस कापले, त्यांना पुरुषी कपडे घालावयास लावले आणि 'पुरुषासारखे' मोठ्याने ओरडावयास भाग पाडले. त्यांच्याविरुद्ध कोणता गुन्हा सिद्ध झाला होता? कोणताही नाही. ज्या दुकानात घाम गाळून ती माणसे पोट भरत होती, तेथेच त्यांची मानहानी झाली.

या शिक्षेचा परिणाम फटके खाणाऱ्यापुरता राहत नाही. जमलेले लोक मोबाईलवर चित्रण करतात. ते चित्रण गावोगाव फिरते. पाठीवरील वळ काही आठवड्यांत मिटतात, पण त्या तरुणाचे शिक्षण, नोकरी आणि आईवडिलांच्या घराचा दरवाजा या गोष्टी कायमच्या हातून जाऊ शकतात. जे पकडले गेले नाहीत ते भीतीने गाव सोडतात, किंवा आजारी असूनही दवाखान्यात जाण्याचे टाळतात.

आपला इतिहासही निर्मळ नाही

हे वाचून 'असे फक्त इस्लाममध्येच घडते' असा निष्कर्ष कोणी काढू नये. इतिहास निराळे सांगतो. भारतात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविले ते शरियाने नव्हे, तर १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७७ ने. त्या कलमाची मुळे इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या १५३३ च्या कायद्यात, म्हणजे ख्रिस्ती युरोपात आहेत. पोर्तुगीज इन्क्विझिशनच्या अधिकारक्षेत्रातही हा अपराध येत असे आणि त्या इन्क्विझिशनचे एक न्यायपीठ १५६० पासून गोव्यात होते.

आपल्या अधिक जवळचे उदाहरण हैदराबाद संस्थानाचे आहे. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. त्या संस्थानात १९१९ साली तृतीयपंथीयांविषयी एक कायदा करण्यात आला. त्यांची नोंदवही ठेवावी, स्त्रीवेषात किंवा सार्वजनिक ठिकाणी नाचगाणे करताना आढळल्यास वॉरंटशिवाय अटक करावी, अशा तरतुदी त्यात होत्या. राज्यकर्ता मुस्लिम असला तरी या कायद्याचा नमुना कुराणातून आलेला नव्हता. तो १८७१ च्या ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्यासारखा होता. स्वातंत्र्यानंतरही तो तेलंगणात कायद्याच्या पुस्तकात राहिला. जुलै २०२३ मध्ये तेलंगणा उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला. म्हणजे निजाम गेला, इंग्रज गेले, पण त्यांनी लिहिलेला संशय शंभर वर्षे टिकला.

कलम ३७७ चा प्रवासही असाच लांबचा आहे. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीने होणाऱ्या खासगी संबंधांना त्यातून वगळले. त्याविरुद्ध अपील करणाऱ्यांत हिंदू, मुस्लिम आणि ख्रिस्ती अशा तिन्ही समाजांतील काही संघटना होत्या. एरवी एका व्यासपीठावर न येणारे लोक या एका बाबतीत एकत्र आले. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम पुन्हा जिवंत केले आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने तो भाग रद्द केला. मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप, कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशियस यांनी २०१३ च्या निकालानंतर स्पष्ट केले होते की समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार समजावे अशी कॅथलिक ख्रिस्तसभेची भूमिका नाही. समलिंगी विवाहास ख्रिस्तसभेचा विरोध आहे हेही त्यांनी लपविले नाही. ही दोन्ही विधाने एकाच मुखातून, एकाच वेळी, विसंगती न येता करता येतात.

पुण्यातही हा प्रश्न परका नाही. एप्रिल २०२४ मध्ये शहर पोलिसांनी कलम १४४ खाली आदेश काढून तृतीयपंथीयांना वाहतूक सिग्नलच्या चौकांत एकत्र जमून पैसे मागण्यास बंदी केली. जबरदस्तीने पैसे उकळणे हा गुन्हाच आहे, मग तो कोणीही करो. वाहनचालकांची तक्रार खोटी होती असे कोणी म्हणणार नाही. परंतु गुन्ह्यावर बंदी घालणे वेगळे आणि एका संपूर्ण समूहाचे नाव आदेशात लिहिणे वेगळे. चोरीवर कायदा असावा, अमुक जातीवर नसावा, हे आपण गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुःखद अनुभवातून शिकलो आहोत.

पाप आणि गुन्हा

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. ख्रिस्तसभेची शिकवण काय आहे? कॅटेकिझमच्या परिच्छेद २३५७ ते २३५९ मध्ये ती आहे. समलिंगी कृत्ये नैतिकदृष्ट्या स्वीकारार्ह नाहीत, असे तेथे म्हटले आहे. त्याच ठिकाणी, त्याच अधिकाराने असेही म्हटले आहे की अशा व्यक्तींचा आदराने, करुणेने व संवेदनशीलतेने स्वीकार करावा आणि त्यांच्याबाबत अन्यायकारक भेदभावाची कोणतीही खूण टाळावी. पहिले वाक्य पाठ करणारे पुष्कळ असतात. दुसरे वाक्य वाचणारे थोडे. निम्मी शिकवण ही ख्रिस्तसभेची शिकवण नव्हे.

पाप आणि गुन्हा यांतील भेद हा आधुनिक उदारमतवाद्यांचा शोध नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा थिओलॉजिया'मध्ये असे प्रतिपादन केले की मानवी कायद्याने सर्वच दुर्गुणांना शिक्षा करू नये. मुख्यत्वे खून, चोरी यांसारखी जी कृत्ये इतरांना अपाय करतात व ज्यांना आळा घातल्याशिवाय समाज टिकू शकत नाही, त्यांच्यावरच त्याने बंधन घालावे. कारण कायदा हा अपूर्ण माणसांच्या समुदायासाठी असतो. न पेलवणारे ओझे त्यांच्यावर लादले, तर ती अधिक मोठ्या दुष्कृत्यांत पडतात. मिस्सा चुकविणे, मत्सर, खोटे बोलणे, विवाहबाह्य संबंध ही सर्व पापे आहेत. यांपैकी प्रत्येकासाठी पुण्याच्या चौकात छडी उभारली, तर रांगेत कोण कोण उभे राहील याचा प्रत्येकाने मनाशी विचार करावा.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२३ मध्ये एका वृत्तसंस्थेस दिलेल्या मुलाखतीत समलिंगी असणे हा गुन्हा नव्हे असे सांगून, असे कायदे अन्यायकारक ठरविले. पाप व गुन्हा यांत फरक करा, आणि एकमेकांवर प्रेम न करणे हेही पापच आहे, असे त्यांनी बजावले. ही भूमिका नवी नव्हती. १९८६ मध्ये तत्कालीन कार्डिनल रॅट्झिंगर, म्हणजे पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे, यांच्या सहीने निघालेल्या पत्रात समलिंगी व्यक्तींवरील हिंसक बोलणे व कृती यांचा निषेध होता. डिसेंबर २००८ मध्ये परमधर्मपीठाच्या प्रतिनिधींनी संयुक्त राष्ट्रसंघात अशा व्यक्तींवरील फौजदारी शिक्षा रद्द करण्याचे आवाहन राष्ट्रांना केले. एप्रिल २०२४ च्या 'डिग्निटास इन्फिनिटा' या दस्तऐवजात, केवळ लैंगिक कलामुळे लोकांना कैद केले जाते, छळले जाते, ठारही मारले जाते, हे मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध आहे असे नमूद केले आहे.

आणि या सर्वांच्या मुळाशी योहानच्या शुभवर्तमानातील आठवा अध्याय आहे. धर्मशास्त्राचा आधार घेऊन, दगड हातात घेऊन आलेला जमाव. मध्ये उभी केलेली एकटी स्त्री. आणि खाली वाकून जमिनीवर लिहिणारा प्रभू. प्रभूने त्या स्त्रीच्या पापाला पुण्य म्हटले नाही. पण त्याने आधी जमाव घरी पाठविला आणि मगच तिच्याशी बोलला. हा क्रम महत्त्वाचा आहे.

आधी जमाव, मग पोलीस

या प्रश्नाशी आपल्या समाजाचे हितही बांधलेले आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये, म्हणजे नवा फौजदारी कायदा लागू झाला त्याच महिन्यात, आचेच्या सिंगकील जिल्ह्यात जमावाने एक प्रॉटेस्टंट चर्च जाळले. त्यात एका माणसाचा जीव गेला. त्यानंतर स्थानिक प्रशासनाने काय केले? परवाने नाहीत या कारणाने आणखी सुमारे दहा चर्चेस पाडून टाकली. एप्रिल २०१६ मध्ये त्याच प्रांतात साठीच्या एका ख्रिस्ती स्त्रीला मद्यविक्रीबद्दल जाहीररीत्या छडी मारण्यात आली. समलिंगी तरुणांच्या पाठीवर पडणारी छडी आणि चर्चच्या भिंतीवर पडणारी कुदळ एकाच हातात होती.

कार्यपद्धतीही तीच आहे. आधी शेजारी दार फोडतात, नंतर धर्मपोलीस येतात, मग न्यायालय शिक्कामोर्तब करते. ही पद्धत आपल्याला ओळखीची नाही काय? जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडच्या दुर्ग रेल्वे स्थानकावर केरळच्या दोन सिस्टर्सना अटक झाली, तेव्हा आधी संघटनेचे कार्यकर्ते जमले आणि मग पोलिसांनी गुन्हा नोंदविला. जामिनासाठी त्यांना ऑगस्टची वाट पाहावी लागली. त्याच राज्यातील कांकेर जिल्ह्यात काही गावांनी ग्रामसभेच्या नावाने पास्टर व धर्मांतरित ख्रिस्ती यांना प्रवेशबंदी करणारे फलक लावले. ग्रामसभा ही स्थानिक स्वराज्याची पायरी आहे. तिच्या हाती बहुसंख्येचा धर्म राखण्याची काठी दिली की ती काठी उद्या कोणावर पडेल हे सांगता येत नाही. आपल्यावर पडली तर अन्याय, आणि आपल्याला न आवडणाऱ्यावर पडली तर न्याय, असे म्हणणाऱ्याच्या बाजूने कोणीही उभे राहत नाही.

मुस्लिम बांधवांविषयी

आचेचा कायदा म्हणजे सर्व मुस्लिमांचे मत नव्हे. जगातील सर्वाधिक मुस्लिम लोकसंख्येच्या त्याच देशातील इतर ३७ प्रांतांत आचेसारखी शरिया दंडसंहिता नाही, हे लक्षात ठेवावे. मलेशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये सेलांगोर राज्याच्या अशाच एका शरिया तरतुदीला, तो विषय राज्याच्या अधिकारात येत नाही या कारणाने, घटनाबाह्य ठरविले; आणि त्यासाठी याचिका करणारा स्वतः एक मुस्लिम नागरिक होता. सप्टेंबर २०२४ मध्ये जाकार्ताच्या इस्तिकलाल मशिदीत पोप फ्रान्सिस व तेथील प्रमुख इमाम यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. माणसाचे अमानवीकरण हे आजच्या जगापुढील मोठे संकट आहे, असे त्यात एकमुखाने म्हटले आहे. आचेच्या बातम्या पुण्यातील कॅम्प, कोंढव्यातील आपल्या मुस्लिम शेजाऱ्यांविरुद्ध शस्त्र म्हणून वापरणे म्हणजे एका अन्यायाच्या निषेधासाठी दुसरा अन्याय करणे होय.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट, अशा शिक्षेची चित्रफीत मोबाईलवर आली तर ती पुढे पाठवू नये. पाहणारा व पाठविणारा हा त्या जमावाचाच भाग होतो.

दुसरी गोष्ट घराशी संबंधित आहे. आपल्या धर्मग्रामांतही असे तरुण आहेत. ते गायनवृंदात गातात, वेदीजवळ सेवा करतात आणि गप्प राहतात. मुलाने किंवा मुलीने असे काही सांगितले, तर त्यास घराबाहेर काढू नये, मारू नये, आणि 'लग्न केले की सुधारेल' या भाबड्या समजुतीने बोहल्यावर उभे करू नये. दबावाखाली दिलेली संमती ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार विवाहास अवैध ठरवू शकते, आणि त्या फसवणुकीत दुसऱ्या घरच्या निरपराध मुलीचे वा मुलाचे आयुष्य होरपळते. आधी ऐकून घ्यावे. विश्वासू धर्मगुरूंशी किंवा समुपदेशकाशी बोलावे. आपल्या शहरात समपथिक ट्रस्टसारखी संस्था २००२ मध्ये या क्षेत्रात कामास लागली. तिची सर्व मते आपल्याला मान्य असतील असे नाही, परंतु एकाकी पडलेल्या माणसाला आधार देण्याचे काम कोणी करीत असेल तर त्याची दखल घेण्यात कमीपणा नाही.

तिसरी गोष्ट, ओळख उघड करण्याची धमकी देऊन पैसे उकळण्याचे प्रकार शहरांत घडतात. घरचे काय म्हणतील या भीतीने बळी पडलेला तरुण पोलिसांकडे जात नाही. घरातच आधार असेल तर त्या धमकीची धारच बोथट होते.

आचेमध्येही ख्रिस्ती लोक राहतात. मेदानच्या महाधर्मप्रांताखाली बांदा आचे येथे येशूच्या पवित्र हृदयाला अर्पिलेले कॅथलिक चर्च आहे. तेथील मूठभर भाविक छडीच्या सावलीत रविवारची मिस्सा अर्पण करतात. येत्या रविवारी श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत त्यांची आठवण करावी. आणि त्यांच्यासोबत, ज्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत अशा, चौकात उभ्या केलेल्या त्या तरुणांसाठी व त्यांच्या मातापित्यांसाठीही प्रार्थना करावी. विवाह व शुद्धतेविषयीच्या ख्रिस्तसभेच्या शिकवणीतील एक अक्षरही यामुळे कमी होत नाही. प्रभूने आधी हातातील दगड खाली टाकावयास सांगितले, ती शिकवणही तितकीच त्याची आहे.

– संपादक